शांत वस्तीतला कोवळा वसंत: विषयाआधी पार्श्वभूमी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वसंत नुकताच लागत असताना तुम्ही एका सकाळी शहरातल्या शांत वस्तीत कॅमेरा घेऊन दोन तास हिंडलात आणि दीडेकशे फोटो काढलेत. घरी येऊन पाहिले तेव्हा त्यांत उघडी झाडे, बंद फाटके आणि पांढरट आकाश याखेरीज काहीच नव्हते. फिरताना जो ऋतू जाणवत होता, तो फोटोंत कुठेच उतरलेला नाही. आता लेन्स बदलावी, वस्ती बदलावी की झाडे बहरेपर्यंत थांबावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते या तिन्हींपैकी कशाचीही गरज नाही, कारण तुमची खरी अडचण निराळी दिसते. गजबजलेल्या रस्त्यावर विषय आपणहून समोर येतो. माणसे, हावभाव आणि हालचाली इतक्या असतात की मागे काय आहे याकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी चित्र उभे राहते. शांत वस्तीत हा आधार नसतो. त्यातच ऋतूच्या आरंभी होणारे बदल आकाराने फार लहान असतात: फांदीवरचा फुगलेला डोळा, पानांआधी उमललेली चार फुले, भिंतीच्या तळाशी ओलाव्याने हिरवे झालेले शेवाळ. चालताना आपली नजर या खुणा नेमक्या टिपते आणि आजूबाजूच्या विजेच्या तारा, उभ्या गाड्या व छपरांच्या कडा नकळत वगळते. कॅमेरा काहीच वगळत नाही. तुम्ही फूल पाहिलेत, पण फोटो काढला गेला तो फूल, तारा, गाडी आणि आकाश या सगळ्यांचा, आणि त्यात फूल सर्वांत लहान होते.

म्हणून अशा फेरीत मी विषय शोधत नाही, पार्श्वभूमी शोधते. गल्लीत शिरल्यावर पहिली काही मिनिटे कॅमेरा खांद्यावरच असतो. या काळात मी फक्त गडद, सावलीतले आणि फारसा तपशील नसलेले पृष्ठभाग हेरून ठेवते: सावलीतली भिंत, बारमाही हिरव्या झुडपांचे कुंपण, एखाद्या घराचा खोल दरवाजा, दोन इमारतींमधली अंधारी फट. असे तीन-चार पृष्ठभाग लक्षात आले की त्यांच्यापुढे उजेडात काय आहे एवढेच पाहायचे उरते. सावलीतल्या भिंतीसमोर ऊन पडलेली एक डहाळी असेल, तर तिच्यावरचे कोंब आणि सालीवरची लव दहा पावलांवरूनही दिसते. तीच डहाळी उजळ आकाशासमोर धरली तर काळी रेघ होऊन जाते. डहाळी तीच आणि ऋतूही तोच, फरक केवळ तुम्ही कुठे उभे आहात याचा आहे.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांत सर्वांत मोठी गोष्ट सूर्य आहे. वसंत संपाताच्या, म्हणजे वसंतात दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात त्या दिवसाच्या आसपास, उत्तर गोलार्धात २० किंवा २१ मार्चला आणि दक्षिण गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरला, सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. शहरातल्या फेरीसाठी याला फार महत्त्व आहे. पूर्व-पश्चिम गेलेल्या रस्त्यावर त्या दिवसांत सकाळचे ऊन रस्त्याच्या संपूर्ण लांबीवर शिरते; फरशीचा प्रत्येक सांधा आणि भिंतीचा प्रत्येक खडबडीतपणा त्या तिरक्या उजेडात उठून दिसतो. उत्तर-दक्षिण रस्त्यावर मात्र ऊन आडवे येते. पश्चिमेकडच्या रांगेतली घरे उजळतात, पूर्वेकडच्या घरांच्या दर्शनी बाजू बराच वेळ सावलीत राहतात. अशा रस्त्यावर मी पश्चिमेकडच्या घरांना पाठ करून, त्या बाजूच्या पदपथावरच्या झाडांमधून पूर्वेकडे पाहते. झाडांवर मागून ऊन येते, कोवळ्या पानातून उजेड आरपार जातो आणि त्यामागे समोरच्या घरांची गडद बाजू असते. लेन्सवर हूड (बाजूचे ऊन अडवणारी कड) हवा, आणि सूर्य चौकटीच्या जरा बाहेर राहील असे एखादे पाऊल इकडे-तिकडे सरकावे लागते. मला विचाराल तर कोवळ्या पानांसाठी याहून चांगली जागा वस्तीत दुसरी नाही.

असा तिरका उजेड किती वेळ मिळेल, हे तुम्ही विषुववृत्तापासून किती दूर राहता यावर ठरते. उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट असते तेव्हा सूर्य क्षितिजावर साधारण २७ अंशांवर असतो. संपाताच्या दिवशी २० अक्षांशावर ही स्थिती सूर्योदयानंतर दोन तासांच्या आतच येते, तर ५० अक्षांशावर सुमारे तीन तास लागतात. म्हणून “सकाळी लवकर जा” हा सल्ला अर्धवट आहे. विषुववृत्ताच्या जवळ राहणाऱ्याला पहिल्या तासाची खरोखर घाई करावी लागते. उत्तरेकडच्या शहरात राहणाऱ्याला न्याहारी करून निघाले तरी चालते. तुमची दोन तासांची फेरी नेमकी केव्हा सुरू झाली हे तुम्ही लिहिलेले नाही, पण आकाश पांढरट होते असे म्हणता, तर त्या दिवशी ढग असावेत. त्याकडे आता वळते.

ढगाळ दिवसाला अनेक जण वाईट दिवस समजतात. तो वाईट नसतो. त्या दिवशी पाहण्याची दिशा बदलावी लागते, एवढेच. पातळ ढगांमधून येणारा उजेड सगळीकडून सारखा पसरतो, त्यामुळे पांढऱ्या पाकळ्यांमधला तपशील जळून जात नाही आणि सालीचे तपकिरी, शेवाळाचे हिरवे, जुन्या रंगाचे पोपडे असे मंद रंग नीट दिसतात. बिघाड करते ते आकाश. ते दृश्यातली सर्वांत उजळ गोष्ट असते, आणि चौकटीचा तिसरा हिस्सा जरी त्याने व्यापला तरी कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बाकीचे सगळे काळवंडून टाकतो. ढगाळ दिवसासाठी माझा नियम कडक आहे: चौकटीत आकाश घ्यायचे नाही. कॅमेरा किंचित खाली वळवा, उंचवट्यावरून खालच्या अंगणाकडे पाहा, भिंतीला समांतर उभे राहा किंवा पावसाने ओला झालेला रस्ता पार्श्वभूमी म्हणून घ्या. तुमच्या दीडशे फोटोंपैकी किती फोटोंत आकाश आहे ते एकदा मोजून पाहा. माझा अंदाज आहे की बहुतेकांत असेल, आणि तसे असेल तर या एका बदलानेच पुढच्या फेरीत मोठा फरक पडेल.

ओल्या पृष्ठभागांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ओली पाने, ओली फरशी आणि खिडकीची काच यांवरून परावर्तित होणारा उजेड रंग झाकून टाकतो. पोलरायझर फिल्टर फिरवला की यातला पुष्कळसा उजेड कापला जातो आणि खालचा रंग वर येतो. काचेच्या बाबतीत तिच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करून पाहिले तर परिणाम सर्वाधिक असतो; काचेसमोर अगदी सरळ उभे राहिलात तर फिल्टरचा जवळजवळ उपयोग होत नाही. या फिल्टरमुळे एक ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हे लक्षात ठेवून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवावा. मात्र खिडकीतले प्रतिबिंबच तुम्हाला हवे असेल, म्हणजे काचेत समोरच्या झाडाच्या फांद्या उतरलेल्या असतील, तर फिल्टर काढून ठेवा.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ वा गडद येतो ते. गडद पार्श्वभूमीपुढे उजळ डहाळी ही रचना मीटरला फसवते. मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेची आहे असे धरून चालतो. चौकटीत बहुतांश सावली असेल तर तो सावली उजळ करायला जातो आणि फुले पांढरीफटक होतात. अशा वेळी मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड स्टॉपमध्ये कमी-जास्त करणारे सेटिंग) उणे १, कधी उणे दीड ठेवते. उलट, पांढऱ्या फुलांनीच चौकट भरली असेल तर मीटर त्यांना करडे करतो. तिथे अधिक दोन-तृतीयांश ते अधिक १ लागते. हे आकडे आरंभबिंदू समजा आणि हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ छटांच्या आलेखाची, उजवी कड पाहून बदला. पाकळ्यांमधला तपशील एकदा गेला की तो रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही) परत येत नाही; सावलीतला तपशील बऱ्याच अंशी परत आणता येतो. म्हणून दोहोंपैकी एक निवडण्याची वेळ आली तर पाकळ्या वाचवाव्यात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची ऊब-निळाई ठरवणारे सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. या दिवसांतल्या सकाळचे वैशिष्ट्यच हे असते की उन्हातला भाग उबदार आणि सावलीतला भाग निळसर दिसतो, आणि ऑटो सेटिंग ही तफावत प्रत्येक फोटोत वेगळ्या प्रमाणात पुसून टाकते. ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपासचे दिवसाच्या उजेडाचे सेटिंग कायम केले की सावली निळी राहते, ऊन पिवळसर राहते आणि सगळी मालिका एका सकाळची वाटते.

फोकसविषयी थोडे. डहाळीच्या जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन एक मीटर अंतरावरून एफ २ वर (एफचा आकडा हे लेन्सच्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) फोटो काढला, तर जेमतेम पाच सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. एफ ८ वर तो १९ सेंटिमीटरच्या आसपास जातो. अनेक जण पार्श्वभूमी धूसर व्हावी म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडतात, आणि मग एक कळी स्पष्ट व तिच्या शेजारची पुसट अशी गत होते. पार्श्वभूमी आधीच गडद आणि सपाट निवडलेली असेल तर तिला एवढे धूसर करण्याची गरज उरत नाही आणि तुम्ही निर्धास्तपणे एफ ५.६ किंवा एफ ८ वापरू शकता. पार्श्वभूमीपासून सुरुवात करण्याचा हा आणखी एक लाभ. मोबाइलने फोटो काढणाऱ्यांनाही हीच पद्धत उपयोगी पडते, कारण त्यांच्या लहान सेन्सरमुळे पार्श्वभूमी मुळातच फारशी धूसर होत नाही. या ऋतूत वारा बराच असतो, म्हणून शटर स्पीड १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका. बारीक डहाळ्या तर १/५०० वरही कधी कधी हलतात. झुळूक थांबण्याची वाट पाहणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

ज्या गोष्टीसाठी मी या दिवसांची वर्षभर वाट पाहते, ती म्हणजे पर्णहीन झाडांच्या भिंतीवर पडणाऱ्या सावल्या. महिन्याभरात पाने येतात आणि या सावल्यांच्या जागी नुसते काळे डाग उरतात. त्यांच्यात एक बारकावा आहे. सूर्य बिंदू नाही, आपल्याला तो साधारण अर्ध्या अंशाची तबकडी म्हणून दिसतो. त्यामुळे सावलीच्या कडा अंतराबरोबर मऊ होत जातात. एक सेंटिमीटर जाडीच्या डहाळीची पूर्ण गडद सावली तिच्या मागे फार तर एक मीटरभर टिकते. भिंत त्याहून दूर असेल तर सावली फिकट आणि विरघळलेली दिसते, पण त्याच झाडाच्या जाड खोडाची सावली तिथेही ठळक राहते. म्हणून भिंतीला जवळजवळ चिकटून वाढलेले झुडूप सुईने कोरल्यासारखी रेखीव सावली देते, आणि रस्त्याच्या पलीकडचे मोठे झाड त्याच भिंतीवर ठळक खोडे आणि धूसर जाळी यांचे मिश्रण देते. दोन्ही सुंदर आहेत, परंतु कोणती कुठे मिळेल हे माहीत असले की शोधण्यात वेळ जात नाही. रंगाचे पोपडे निघालेल्या किंवा नक्षीदार भिंतीपेक्षा साध्या, फिक्या भिंतीवर ही सावली अधिक बोलते. आणि इथे मागच्या परिच्छेदांतला नियम उलटा होतो: पार्श्वभूमी उजळ हवी, कारण विषय गडद आहे. एरवीही दोहोंमध्ये उजेडाचा स्पष्ट फरक असावा, हेच त्या नियमाचे मूळ आहे.

लेन्सविषयी तुम्ही थेट विचारले आहे, तर थेट उत्तर देते. घरे रस्त्याला लागून आणि गल्ल्या अरुंद असतील तर ३५ मिलिमीटर, घरांपुढे अंगणे असून झाडे कुंपणाच्या आत असतील तर ८५ मिलिमीटरच्या आसपासची. तुमच्याकडे सध्या ५० मिलिमीटर असेल तर एक फेरी पूर्णपणे तिच्यावरच करा. दोन लेन्स नेल्या की दर वळणावर निवड करावी लागते आणि जी पावले डावी-उजवीकडे सरकायला वापरायची, ती पिशवी उघडण्यात जातात. झूम लेन्सची अडचण अशी की आपण जागेवरून न हलता चौकट लहान-मोठी करत राहतो. पार्श्वभूमी मात्र तुमच्या पायांनीच बदलते. डहाळीपासून अर्धा मीटर डावीकडे सरकलात तर तिच्या मागे उजळ खिडकीऐवजी गडद दरवाजा येतो, आणि हे काम कोणतीही लेन्स करून देणार नाही.

शांत वस्तीत माणसे चौकटीत हवीत का, यावर मतभेद आहेत. मला एखादी लहानशी आकृती दूरवर असलेली आवडते, कारण तिच्यामुळे रस्त्याची लांबी आणि झाडांची उंची कळते. त्यासाठी मी आधी चौकट ठरवते, ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ ८ ठेवून पाच मीटरवर फोकस कायम करते (फुल फ्रेमवर यात साधारण अडीच मीटरपासून पुढचे सगळे स्वीकारण्याजोगे स्पष्ट येते) आणि कोणी वळणावर येईपर्यंत थांबते. पाच-दहा मिनिटे एका जागी उभे राहण्याची लाज वाटू देऊ नका. इथेच रस्त्यावर लोक कसे वागतात, उजेड कुठून सरकतो आणि कोणत्या फांदीवर पक्षी पुन्हा पुन्हा येतो, हे समजते.

मात्र ही लोकांच्या घरांची जागा आहे हे विसरून चालत नाही. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते आपापल्या ठिकाणी जाणून घ्यावेत. कायद्याने परवानगी असली तरी खिडकीतून आत दिसणारे काही टिपायचे नाही, ओळख पटेल असे मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि फोटो इतरांना दाखवण्याआधी गाड्यांचे क्रमांक व दारावरची नावे झाकायची, एवढे मी पाळते. कोणी दारात येऊन पाहू लागले तर कॅमेरा खाली करून आपणहून बोलावे आणि काढलेला फोटो दाखवावा. बहुतेक वेळा तेच माणूस सांगते की मागच्या अंगणातले झाड याहून अधिक फुलले आहे. नकार मिळाला तर तो निमूटपणे मान्य करावा.

झाडे बहरेपर्यंत थांबावे का, या तुमच्या तिसऱ्या पर्यायाला माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे. पूर्ण बहर कोणालाही दिसतो आणि त्याचे फोटो एकमेकांसारखे येतात. बहराआधीचे तीन-चार आठवडे मात्र दर काही दिवसांनी दृश्य बदलते, आणि एकाच वस्तीत हा बदल सगळीकडे एकाच वेळी होत नाही. दिवसभर ऊन घेणारी भिंत उष्णता साठवते, त्यामुळे तिच्याजवळचे झुडूप सावलीतल्या त्याच जातीच्या झुडपाआधी फुटते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंती, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या, आधी तपासा. शहराचा दाट भाग मोकळ्या कडेपेक्षा उबदार असल्याने तिथलाही वसंत काही दिवस पुढे असतो. मॅग्नोलिया, हेझेल, चेरी अशी पानांआधी फुलणारी झाडे तुमच्याकडे असतील तर त्यांच्यासाठी ही आरंभीचीच वेळ आहे, कारण फुलांना झाकणारे पान तेव्हा नसते. तुमच्या हवामानात झाडे पूर्ण उघडी होत नसतील, तर जुन्या पानांमध्ये उठून दिसणारी लालसर, तांबूस कोवळी पालवी शोधा. तो तांबूसपणा कोवळ्या पानातल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि मागून ऊन आले की तो पेटल्यासारखा दिसतो.

तेव्हा वस्ती बदलू नका. चेकोस्लोव्हाकियातले छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी १९४० पासून पुढे अनेक वर्षे प्रागमधल्या आपल्या स्टुडिओची खिडकी आणि तिच्याबाहेरची बाग यांचेच फोटो काढले: दंव, पाऊस, पालवी, बर्फ. खिडकी तीच राहिली, आणि म्हणूनच काचेवरचा प्रत्येक बदल चित्राचा विषय होऊ शकला. तुमच्या वस्तीतल्या तीन जागा निवडा, प्रत्येक जागी उभे राहण्याचा बिंदू फरशीच्या एखाद्या खुणेवरून पक्का करा आणि आठवड्यातून दोनदा साधारण त्याच वेळी तिथे जा. पहिल्या भेटीत पार्श्वभूमी ठरलेली असल्याने पुढच्या भेटींत तुमचे सगळे लक्ष डहाळीवर आणि उजेडावर राहते.

शेवटी हाताशी असलेल्या दीडशे फोटोंचे काय करावे, तेही सांगते, कारण ते फुकट गेलेले नाहीत. ते सगळे लहान आकारात एकत्र उघडा, अंगठ्याच्या नखाएवढे, आणि इतक्या लहान आकारातही ज्यांत काय पाहायचे ते एका नजरेत कळते असे वेगळे काढा. बहुधा पाच-सहाच निघतील. त्या प्रत्येकात मागे काय आहे, उजेड कोणत्या बाजूने आला आहे आणि तुम्ही विषयापासून किती दूर होतात, हे एका वहीत लिहा. उरलेल्यांपैकी जे फोटो काढताना तुम्हाला मनापासून आनंद झाला होता पण चित्रात काही दिसत नाही, असे तीन निवडा, त्याच जागी पुन्हा जा आणि त्या विषयाभोवती अर्धवर्तुळात हळूहळू फिरत त्याच्या मागे सावली कुठून येते ते पाहा. पुढच्या फेरीची सुरुवात त्या तीन जागांपासून करा.